आधार कार्ड बघून तोंड तपासता होय, साहेब?

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक शासन, यांस

निपाणीहून सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या गल्लीत शिबिर झालं. मांडव, पुढाऱ्यांचे हसरे फोटो, बीपीचं यंत्र. "पुढच्या खेपेला सगळ्यांची तोंडं तपासू" असा शब्द गेल्या वर्षी मिळालेला, म्हणून 23 वर्षांच्या पोराला काम बुडवून नेलं. त्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, दोनच जातात. सुपारीनं गाल आतून आवळलेत, आत्ता सोडली तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी होईल, असं दातांचे डॉक्टर म्हणाले होते. टेबलावरच्या माणसानं आधार कार्ड बघितलं. "तीस झाली न्हाईत न्हवं अजून? यादीत बसत न्हाई."

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा 28 चा होता. तोही यादीत बसत नव्हता. गालात पांढरा चट्टा होता, आम्ही उष्णता समजून तीन महिने तूप लावत बसलो. कोल्हापूर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ, पण तिथल्या दवाखान्यात आमचं कर्नाटकचं कार्ड चाललं नाही. अर्धा एकर रान विकलं. शेवटी आई भाकरी दुधात कुस्करून, फडक्यातून गाळून पाजायची. चमचा दातांवर खटकन वाजायचा.

गुटखा म्हणे 2013 लाच बंद झाला. आता पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच माळेला. पोरं तळहातावर एक करतात. शाळेपासून शंभर यार्डांत विकायचं नाही, हा कायदा 2003 चा. टपरी मी पावलांनी मोजली, 31 भरली. विकत घ्यायचं वय 2025 साली 21 केलंत, छान केलंत! टपरीवर कोण आधार कार्ड मागतो?

आमच्या गावाचं पोटच तंबाखूवर, हे मान्य. 1981 ला तंबाखूच्या दरासाठी रस्ता अडवून इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. पण पोटाचं निमित्त करून पोरांचे गाल किती दिवस जाळायचे?

तोंड बघायला तिशीची अट काढा. हायस्कुलात वर्षातून एकदा दातांचा डॉक्टर पाठवा. 9 ते 14 च्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस शाळेतच द्या. आणि पत्रक मराठीत छापा. जिथं पंधरा टक्के लोकांची भाषा वेगळी, तिथं सरकारी पत्रकं त्यांच्या भाषेतही काढायची, हा नियम तुमच्याच कपाटात आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. नकाशावर दोघांनाही आम्ही हवे, केसपेपरच्या खिडकीवर मात्र कुणालाच नको.

जास्त लिहीत नाही. पोराचं तोंड कोण आणि कधी बघणार तेवढं कळवा. आज सकाळी पुन्हा मोजलं. दुसरं बोट अडकतंय.

आपला,
निपाणीचा एक शिंपी