नातू सोलापूरला येण्याआधी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी सोनूला सोलापूरला नेण्याची परवानगी दिली आहे आणि संक्रांतीच्या थोडे आधी आम्ही चौघे येत आहोत. फोनवर हे सांगितले तेव्हा आईला रडू आवरेना आणि बाबांनी लगेच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे बेत आखायला घेतले, त्यामुळे जे सांगायचे होते ते बाजूलाच राहिले. शिवाय काही गोष्टी कागदावर असल्या म्हणजे पुन्हा वाचता येतात आणि शेजारचे कोणी सल्ला द्यायला आले तर पुढेही करता येतात, म्हणून हे लांबलचक पत्र लिहीत आहे.

बाबा, सोनूला नवे हृदय बसवण्याचे ऑपरेशन यशस्वी झाले असेल तर पोराला पुन्हा पुन्हा दवाखान्यात का ठेवावे लागते, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हा तो रुग्ण 18 दिवस जगला आणि गेला तो न्यूमोनियाने, नवे हृदय बंद पडल्याने नव्हे. पुढच्याच वर्षी, 1968च्या फेब्रुवारीत, मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रत्यारोपण केले, पण त्यांचा रुग्ण काही तासच जगला. हृदय बसवण्याचे कसब तेव्हाच हाती आले होते. शरीराने ते स्वीकारावे आणि तरीही माणूस जंतुसंसर्गाने दगावू नये, हे साधायला मात्र आणखी बरीच वर्षे आणि नवी औषधे लागली. आपल्या देशात अवयवदानाचा कायदा 1994 साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. सोनूच्या बाबतीत आज जे चालले आहे, तो त्या जुन्या पेचाचाच भाग आहे.

आपले शरीर नवे हृदय परके म्हणून ओळखते आणि त्यावर चाल करून जाते. ती चाल रोखण्यासाठी त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड दिले जाते. पावसाळ्यात तो नुसता मलूल दिसू लागला, जेवणावरची वासना उडाली, पोट दुखते म्हणू लागला. ताप नव्हता, छातीत काही होत नव्हते. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, मग मानेच्या शिरेतून बारीक तार आत घालून हृदयाचे मिलिमीटरभराचे तुकडे काढले, त्यालाच बायॉप्सी म्हणतात, आणि ते तपासल्यावर रिजेक्शन निघाले, म्हणजे शरीर नवे हृदय नाकारू लागले होते. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले आणि ते आटोक्यात आले. पण प्रतिकारशक्ती इतकी खाली आणल्यावर शरीरात निपचित पडलेला सीएमव्ही नावाचा विषाणू जागा झाला. त्यावरच्या औषधाने पांढऱ्या पेशी घसरल्या, म्हणून मायकोफेनोलेट कमी करावे लागले, आणि ते कमी केले की पुन्हा रिजेक्शनची धास्ती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात तसा हा प्रकार आहे. आता रक्तातली औषधाची लेव्हल आणि पेशी दोन्ही ठीक आहेत, म्हणूनच परवानगी मिळाली. पण ‘बरा झाला’ असे कोणी म्हणाले तर मी मान डोलावणार नाही आणि तुम्हीही डोलावू नये, कारण एका आजाराच्या जागी आपण जन्मभराची देखभाल पत्करली आहे.

त्यामुळे सगळ्यात आधी औषधांची वेळ. सकाळी आठ आणि रात्री आठ. बाबा, तुमच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर अख्खे सोलापूर घड्याळ लावत असे असे तुम्ही सांगता. आपल्या घरात हे दोन आठ तसे मानायचे. पाहुणे आले आहेत, आरती चालू आहे, पोराला झोप लागली आहे, यांपैकी कोणतेही कारण चालणार नाही. डोस घेतल्यावर उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरा द्यायचा नाही, मला किंवा रुग्णालयातील समन्वयक ताईंना फोन करायचा. रक्त तपासायचे असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच द्यायचा, कारण औषध अंगात कमीत कमी किती उरते तेच त्यात पाहायचे असते. ताप, अंगदुखी काही झाले तरी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. टॅक्रोलिमसचा भार मूत्रपिंडांवर आधीच आहे. उन्हाळ्यात तुम्ही इतके बोलावूनही आम्ही आलो नाही, त्याचेही हेच कारण होते. सोलापूरच्या मे महिन्यात धडधाकट माणसाच्या अंगातले पाणी आटते, तिथे त्याला आणणे मला पटले नाही.

आई, तू व्हिडिओ कॉलवर त्याला पाहून ‘पोराने बाळसे धरले’ म्हणालीस. ते बाळसे नव्हे, ती स्टेरॉइडची सूज आहे. गाल त्यामुळेच गोल दिसतात आणि भूकही त्यामुळेच वाढलेली आहे. तू मायेने एक भाकरी जास्त वाढशील आणि तो ती खाईलही, पण त्याचा रक्तदाब आणि साखर दोन्ही आम्हाला वहीत लिहावी लागतात. शेंगाचटणी त्याला हवीच आहे, त्याने तिचा ध्यास घेतला आहे. ती तू ताज्या, निवडून भाजलेल्या शेंगांची, मीठ अगदी कमी घालून कर. पपनस घरात आणूच नकोस, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. आपल्या डाळिंबांबाबत डॉक्टरांनी सध्या थांबा म्हटले आहे. पाणी मात्र प्रत्येक वेळी उकळूनच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो, ती झाकून ठेवा. त्याला अतिसारही नको आणि पिंपातल्या डासांपासून डेंग्यूही नको.

आणखी एक गोष्ट जरा ठासून सांगते. मागच्या गल्लीतल्या काकूंनी प्रतिकारशक्ती वाढवणारा गुळवेलीचा काढा सुचवला असे तू म्हणालीस. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण जी शक्ती दाबून ठेवण्यासाठी आम्ही महिन्याचे एवढे पैसे आणि एवढी झोप खर्च करतो, तीच वाढवायला निघालो तर ती पहिल्यांदा त्याच्या हृदयावरच उलटेल. काढा, भस्म, अंगारा घातलेले पाणी, यांपैकी काहीही पोटात जाऊ देऊ नका. अंगारा कपाळाला लावा, त्याला माझी मुळीच हरकत नाही.

रात्री तो तुझ्याजवळ झोपण्याचा हट्ट धरील. तुझा हात त्याच्या छातीवर जाईल आणि तू दचकशील, कारण तो शांत झोपलेला असतानाही ठोके भरभर लागतात. प्रत्यारोपणात हृदयाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात आणि मेंदूचा लगाम सुटतो, म्हणून हे हृदय स्वतःच्याच लयीत, थोडे वेगाने चालते. तो धावू लागला तरी ठोके लगेच वाढत नाहीत, काही मिनिटांनी वाढतात, आणि थांबल्यावरही बराच वेळ उतरत नाहीत. म्हणून खेळायला जाण्यापूर्वी अंगणात दोन-चार फेऱ्या आणि खेळून आल्यावर पुन्हा फेऱ्या, हा आमचा नियम आहे. त्याच तुटलेल्या नसांमुळे हृदयात बिघाड झाला तरी छातीत दुखेलच असे नाही. तेव्हा तुम्ही ठोके मोजत बसू नका, बारीक गोष्टींकडे लक्ष ठेवा: आवडते जेवण टाकून उठला, जिना चढताना मध्येच बसला, पोट दुखते म्हणाला, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, एक-दोन दिवसांत वजन वाढले. यांपैकी काहीही दिसले तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचे नाही.

आता खरे सांगायचे ते हे की नियम पाळणे मला जड जात नाही, जड जाते ते त्याला रागावणे. घरात आलेला प्रत्येक माणूस त्याला काही ना काही देतो आणि कोणीही त्याला नाही म्हणत नाही. स्टेरॉइडने चिडचीड वाढते हे खरे, पण ‘मला त्रास होतोय’ म्हटले की अभ्यास टळतो हेही त्याने बरोबर हेरले आहे. दोन्हींत फरक करणे कठीण असते आणि दर वेळी तो जमतोच असे नाही, तरीही मी फरक करायचा प्रयत्न सोडणार नाही, कारण ज्या मुलाला लहानपणी कोणी नाही म्हटले नाही तो पंधरा-सोळाव्या वर्षी आईने दिलेली गोळी गुपचूप बेसिनमध्ये टाकू शकतो, आणि त्या वयात गोळ्या चुकवल्याने झालेले रिजेक्शन हे डॉक्टरांचे मोठे दुखणे आहे. म्हणून आत्तापासूनच तो आपला डबा स्वतः उघडतो, कॅप्सूल ओळखतो, नाव मोठ्याने वाचतो आणि मगच गिळतो. ‘मायकोफेनोलेट’ त्याला आता माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणता येते. ते त्याचे काम आहे, आई, ते मायेपोटी तू करून देऊ नकोस. खोटे बोलला तर बाबांनी पूर्वी मला ज्या आवाजात विचारायचे त्याच आवाजात विचारावे. तुमच्यासमोर मी त्याला रागावले तर मध्ये पडू नका.

त्याच्या ताईलाही थोडा वेळ द्या. गेले वर्षभर तिला सगळे ‘शहाणी पोर’ म्हणतात आणि कोणी काही विचारत नाही. बाबा, तिला तुमच्याबरोबर पूर्व भागात मागावर चादर कशी विणतात ते पाहायला घेऊन जा, एकटीलाच.

यात्रेबद्दल. बाबांनी त्याच्या मापाची, यात्रेत घालतात ती पांढरी बाराबंदी शिवून घेतली आहे हे दादाकडून कळले आणि माझ्याच्याने लगेच काही बोलवले नाही. पण सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा म्हणजे लाखोंची गर्दी आणि धूळ. पांढऱ्या पेशी जेमतेम वर आलेल्या मुलाला मास्क लावूनही तिथे नेता येणार नाही. मिरवणूक तो आत्याच्या गच्चीवरून बाराबंदी घालून पाहील. यात्रा ओसरली की एखाद्या साध्या वारी सकाळी लवकर, तळ्याकाठी माणसे तुरळक असताना, आपण त्याला सिद्धेश्वराच्या पायांवर घालू. नवस तेवढा लांबला म्हणून देव रागावेल असे मला वाटत नाही, आणि आईने 68 लिंगांची प्रदक्षिणा बोलली असेल तर ती तिने त्याच्याशिवाय खुशाल करावी.

तो तुम्हाला हृदयाबद्दल विचारेल. हे ज्या मुलाचे होते तो कुठे आहे, असे तो मला विचारून झाला आहे. मी त्याला खरे सांगितले, की तो मुलगा वारला आणि त्याच्या आईवडिलांनी त्या घडीला दुसऱ्याच्या मुलाचा विचार केला. ‘देवाने पाठवले’ असे तुम्ही सांगू नका. मग देवाने त्याचे का घेतले, हा पुढचा प्रश्न त्याच्याकडे तयार आहे. त्या घरच्या लोकांना भेटून पाया पडावे ही बाबांची इच्छा मला समजते, पण दात्याची ओळख गुप्त ठेवतात. आपले नाव-गाव न घालता दोन ओळी लिहिल्या तर समन्वयकांमार्फत त्या पोहोचवता येतात का, ते मी विचारले आहे. बाबा, त्या ओळी तुम्हीच लिहा, तुमचे अक्षर चांगले आहे.

हे हृदय किती वर्षे पुरेल, हा प्रश्न तुम्ही ओठांवर आणून परत गिळता, ते मला फोनवरूनही कळते. काही मुलांना ते मोठेपणापर्यंत साथ देते. पुढे त्याच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होऊ शकतात आणि कधी दुसऱ्या प्रत्यारोपणाचीही वेळ येते. त्यासाठी ठरलेल्या तपासण्या आहेत आणि त्या आम्ही चुकवत नाही. मी स्वतः पुढच्या बायॉप्सीपलीकडचा विचार करत नाही आणि तुम्हीही करू नये, असे सुचवते.

उरलेली कामे अशी. न्हाणीघराच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरली आहे, ती आम्ही येण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. गॅलरीतल्या कबुतरांना दाणे घालणे बंद करा आणि विष्ठा ओल्या फडक्याने पुसून काढा, कोरडी झाडू नका. तुम्ही दोघांनी फ्लूचे इंजेक्शन घेऊन टाका. वहिनींना सांगा की बाळाला पोलिओचे थेंब देण्यापूर्वी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांना सोनूबद्दल सांगावे, कारण तोंडावाटे द्यायच्या त्या लशीत जिवंत विषाणू असतो. घरात कोणालाही सर्दी-खोकला झाला तर संकोच न करता आदल्या दिवशीसुद्धा कळवा. आम्ही येणे पुढे ढकलू, त्यात मानापमान काही नाही. गाडीने येत आहोत, सकाळचा डोस देऊन पुण्याहून निघू, म्हणजे जेवायच्या वेळेला पोहोचू. ज्वारीची भाकरी गरम हवी, दही घरचेच हवे असेल तर दूध उकळलेले घे, आणि खेळणी आणू नका, ठेवायला जागा नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुमची लेक