ल्योंच्या ताईंना: आधी वार, मग गाव

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ल्यों, दिजों आणि बोन या आमच्या उन्हाळी सहलीचा आराखडा तुम्ही करून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. फोनवरही मानता आले असते. पण पॅरिसच्या पलीकडचा फ्रान्स खाऊन-पिऊन बघायला निघालेल्या कितीतरी मराठी जोडप्यांना हीच माहिती हवी असते, म्हणून पत्र उघड्यावर लिहितोय. आधी वार ठरवा, मग गाव, असं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलं होतंत. बाकी सगळी आखणी त्या एका ओळीवर उभी आहे.

ल्योंचा सोन नदीकाठचा सेंत-आंत्वान बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. दिजोंची लोखंडी मंडई मंगळ, गुरू, शुक्र आणि शनि या चारच सकाळी उघडते. बोनचा मोठा बाजार शनिवारचा. छोट्या खानावळी बहुतेक रविवार-सोमवार बंद. म्हणून मंगळ ते गुरू ल्यों, शुक्रवारी दिजोंची मंडई, आणि शनिवारी दिजोंहूनच बोनला जाऊन येणं. लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हे वार चुकले की बंद दारं बघायची वेळ येते. महिन्याचंही तसंच आहे. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या सुट्टीच्या आगेमागे, चांगल्या खानावळी दोन-तीन आठवडे कुलूप लावून जातात, आणि सप्टेंबरात द्राक्षतोडणी असल्याने लहान उत्पादकांना पाहुण्यांसाठी फुरसत नसते. आपल्या नाशिकला हीच तोडणी जानेवारी ते मार्च चालते, त्यामुळे ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा, हा तुमचा आग्रह अगदी योग्य.

गाड्यांबद्दल थोडक्यात. पॅरिस-ल्यों तेजेवे (TGV, अतिवेगवान गाडी) दोन तासांची. तिला आरक्षण सक्तीचं आणि भाडं दिवसागणिक चढतं, म्हणून ते तिकीट आधी काढायचं. ल्यों-दिजों तेउएर (TER, प्रादेशिक लोकल) गाडीलाही साधारण दोन तासच लागतात, पण तिला आरक्षण नको. सकाळी आकाश बघून निघालं तरी चालतं.

जेवणाच्या वेळांसाठी तुमचे विशेष आभार. आपल्याकडे दुपारी दोनला पानं वाढतात; तिथे दोनला स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत चूल पेटत नाही. साडेबाराला टेबल धरायचं, दारात शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचं आणि फळ्यावरचं ‘फॉर्म्यूल’, म्हणजे ठरलेल्या किमतीचं दुपारचं जेवण, मागायचं. तेच स्वयंपाकघर रात्री जास्त पैसे घेतं. ‘कराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं पाणी मागितलं तर विकतची बाटली येऊ शकते.

ल्योंच्या ‘बुशों’ या पारंपरिक खानावळीत शाकाहारी माणसाने काय खावं, हे तुमच्याइतकं नेमकं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ‘सालाद लियोनेज’ नावाने सॅलड, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. कांद्याच्या सूपला बहुधा गोमांसाचं पाणी. कोंते चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, म्हणजे काटेकोर शाकाहाऱ्याला तेही वर्ज्य. नुसतं ‘वेजेतारियें’ म्हटलं तर कुणी मासे पुढे करतं. मांस नको आणि मासेही नकोत, असं दोन्ही सांगावं लागतं. विरजणाची अडचण नसेल तर उरतं ते मात्र चांगलं आहे: मलईदार ताज्या चीजमध्ये बारीक चिरलेला कांदा-लसूण आणि सुगंधी हिरवी पानं घातलेलं ‘सेरव्हेल द कानू’, आणि ‘कनेल नात्यूर’. कनेल म्हणजे मऊ, लांबट गोळा. नेहमीच्या कनेलमध्ये ब्रोशे हा नदीतला मासा असतो आणि वर झिंग्यासारख्या एक्रेव्हिसचा नांत्युआ सॉस. नात्यूर प्रकारात फक्त पीठ किंवा रवा, अंडी आणि लोणी. अंडं चालत असेल तर टोमॅटोच्या सॉसमध्ये तो मागायचा. ओव्हनमध्ये कनेल फुगून दुप्पट होतं आणि बाहेर आल्यावर बसायला लागतं, म्हणून वाढल्याबरोबर खायचं, फोटो नंतर. सोबत ‘पो’ घ्यायचा: जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, बहुधा बोजोले किंवा कोत द्यु रोनची वाइन भरलेली. दोघांना दोन-दोन ग्लास पुरते.

दिजोंची मोहरी घेताना बरणीवर ‘मूतार्द द बूर्गोन्य’ (बर्गंडीची मोहरी) लिहिलंय का ते बघायला तुम्ही सांगितलंत. नुसत्या ‘दिजों’ नावाला संरक्षण नाही, ती कुठेही बनू शकते. बूर्गोन्य नावाला २००९पासून भौगोलिक मानांकन आहे. दाणा आपल्या मोहरीच्याच जातीचा. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसली की नाकात झणका जातो आणि फोडणीत टाकली की तो नाहीसा होतो, तेच तत्त्व इथे लागू पडतं. दाणा ओला होऊन फुटला की तिखटपणा तयार होतो, उष्णतेने मरतो. म्हणून सॉस गॅसवरून उतरवून दोन मिनिटं निवल्यावरच चमचाभर मोहरी मिसळायची. उकळत्या सॉसमध्ये घातली तर नुसती आंबट, कडवट चव उरते.

बर्गंडीच्या वाइनच्या लेबलांची तुमची किल्ली तर सोन्याची आहे. ‘जेव्हरे-शांबेर्तें’ हे गावाचं नाव. ‘शांबेर्तें’ हा त्या गावातला ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, द्राक्षमळा. गावाने १८४७मध्ये आपल्या नामवंत मळ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडलं, आणि असं अनेक गावांनी केलं. त्यामुळे जोडनाव बघून भुलायचं नाही. ‘ग्राँ क्रू’ किंवा ‘प्रमिए क्रू’ (त्याखालचा दर्जा) हे शब्द छापलेले आहेत का, एवढंच शोधायचं. तळघरांत कित्येकदा आधी लाल आणि मग पांढरी चाखायला देतात. पिनो न्वार या लाल वाइनचा तुरटपणा मऊ असतो, भरदार पांढऱ्या शार्दोनेच्या मागून ती फिकी लागते. थुंकायचं भांडं मागण्यात संकोच नको, मालक स्वतःच वापरतात. बोनमध्ये १४४३ साली स्थापन झालेलं धर्मार्थ रुग्णालय, त्याची रंगीत कौलं आणि आतला व्हान डर वेडनचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र वाइन चाखण्याआधी, डोकं ताजं असताना बघावं, हेही तुमचंच.

उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवायची नाही: वाइन तापून फुगते, बूच वर सरकतं, चव शिजल्यासारखी होते. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे प्रत्येकी पाऊण लिटरच्या दोन आणि एक अर्धी बाटली. दिजोंचं कासिस (ब्लॅककरंटचं) लिकरही याच हिशोबात धरायचं. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, हे बॅगेच्या वजनात मोजायचं. मोहरीची बरणी चेक-इनच्या बॅगेत, कारण केबिनमध्ये १०० मिलिलिटरवरची पेस्ट काढून घेतात. एकाच दुकानात १०० युरोंवर खरेदी झाली तर कर-परताव्याचा कागद मागायचा आणि विमानतळावर बॅग सोपवण्याआधी तो पाब्लो यंत्रावर दाखवायचा.

ताई, स्वतःची नोकरी आणि घर सांभाळून एवढं बारकाईने लिहून द्यायला वेळ काढावा लागतो. तुम्ही तो काढलात. मनापासून आभार. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचे,
पुण्याचे आम्ही दोघे