इंटरनेट जोडणी आपोआप तुटून पुन्हा जोडली जाण्याचे कारण नोंदींवरून कळवण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: घरगुती फायबर ब्रॉडबँड जोडणी वारंवार आपोआप खंडित होणे व तक्रारी तपासणीविना बंद केल्या जाणे

महोदय,

आपल्या कंपनीची फायबर ब्रॉडबँड सेवा मी घरी वापरत आहे. गेले काही महिने ही जोडणी दिवसातून अनेकदा आपोआप तुटते आणि मिनिटाभरात, कोणी हात न लावता, पुन्हा सुरू होते. याबद्दल मी वेळोवेळी तक्रार नोंदवली. प्रत्येक वेळी “राउटर बंद करून पुन्हा चालू करा” असे सांगण्यात आले आणि त्यानंतर तक्रार निवारण झाल्याचा संदेश आला. बिघाड मात्र तसाच आहे. आपल्या तांत्रिक विभागाने नेमके कारण शोधून मला लेखी कळवावे, यासाठी हे पत्र आहे.

राउटर बंद-चालू केल्याने काही दोष खरोखरच दूर होतात, हे मला मान्य आहे. राउटरची स्मृती भरली असेल किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमधील एखादी प्रक्रिया अडकली असेल, तर तो उपाय योग्यच ठरतो. परंतु बहुतेक घरगुती राउटर आपल्या घडामोडींची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज बंद केली की ती नोंद पुसली जाते. शिवाय राउटर नव्याने चालू झाल्यावर जोडणीही नव्याने होते, त्यामुळे आपला प्रतिनिधी त्या क्षणी तपासणी करतो तेव्हा त्याला सर्व काही सुरळीत दिसते. म्हणजे बिघाडाचा पुरावा आपल्याच सूचनेवरून नष्ट होतो आणि मग बिघाड आढळला नाही म्हणून तक्रार बंद होते. माझा मुख्य आक्षेप या पद्धतीवर आहे.

म्हणून अलीकडे मी राउटर बंद न करता त्यातील नोंदी जपून ठेवल्या. त्यांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. राउटर किती वेळ सलग चालू आहे हे दाखवणारा आकडा जोडणी तुटल्यावरही पुढेच जात राहतो. शून्यावर येतो तो केवळ इंटरनेट जोडणीचा कालावधी. त्यामुळे राउटर स्वतः बंद पडत नाही, हे निश्चित आहे. अ‍ॅडॅप्टर कमकुवत झाला असता, उपकरण तापून बंद पडत असते किंवा आपण दूरस्थपणे पाठवलेल्या नव्या सॉफ्टवेअरमुळे ते पुन्हा सुरू झाले असते, तर दोन्ही आकडे एकदमच शून्यावर आले असते.

आपल्या तंत्रज्ञाने भेटीच्या वेळी वायफायकडे बोट दाखवले होते. वायफाय आपोआप तुटण्याची कारणे असतात, यात शंका नाही. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील काही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. तेथे रडारचा संकेत आढळताच राउटरला १० सेकंदांच्या आत तो चॅनल सोडावा लागतो, आणि नवा चॅनलही त्याच प्रकारचा असेल तर सहसा आधी ६० सेकंद केवळ ऐकत थांबावे लागते. मात्र माझा संगणक राउटरला केबलने जोडलेला आहे आणि जोडणी तुटते त्याच क्षणी त्याचेही इंटरनेट जाते, तर राउटरचे सेटिंगचे पान त्याच केबलवरून त्या वेळीही उघडते. घरातील जाळे शाबूत असून दोष त्याच्या पलीकडे आहे, हे सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे.

पलीकडे म्हणजे कोठे, याचा शोध आपल्याला घ्यायचा आहे. माझ्या निरीक्षणानुसार येथे एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत आणि आपला मदतकक्ष त्यांना एकच समजून उत्तर देत आहे.

पहिल्या प्रकारात फायबर ज्या ओएनटी उपकरणात (प्रकाशाच्या संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या पेटीत) येते, त्यावरील एलओएस हा दिवा क्षणभर लाल होतो, म्हणजेच प्रकाशाचा संकेत पोहोचत नाही. घरगुती जीपॉन जोडणीत (एका फायबरवरून अनेक घरांना सेवा देण्याच्या पद्धतीत) मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस श्रेणीच्या ओएनटीला किमान उणे २७ डीबीएम (संकेताची शक्ती मोजण्याचे एकक) इतका संकेत मिळावा लागतो. ही शक्ती सुमारे २ मायक्रोवॅट, म्हणजे मुळातच अत्यल्प असते. माझ्या ओएनटीवरील वाचन या मर्यादेच्या अगदी जवळ राहते आणि स्थिरही नसते. अशा स्थितीत आणखी ३ डेसिबलची घट झाली तरी संकेत निम्मा होतो आणि जोडणी तुटते. कनेक्टरच्या टोकावर बसलेली धूळ, सैल जोड, स्प्लिटरपाशी (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या उपकरणापाशी) वाढलेला संकेताचा क्षय किंवा फायबरला पडलेला तीव्र बाक यांपैकी कोणतेही कारण त्यासाठी पुरेसे आहे. ग्राहकाकडे येणारा संकेत १४९० नॅनोमीटर तरंगलांबीवर असतो आणि बाकामुळे होणारा क्षय जास्त तरंगलांबीवर अधिक असतो. त्यामुळे ग्राहकाकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा संकेत आपल्या बाजूला ठीक दिसत असला, तरी येणारा संकेत ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. तंत्रज्ञाने भेटीत प्रकाशशक्ती मोजलीच नाही आणि कनेक्टरही पुसला नाही. केवळ गतीची चाचणी घेऊन तो परत गेला.

दुसऱ्या प्रकारात ओएनटीवरील सर्व दिवे हिरवे राहतात, तरीही जोडणी तुटते. आपली सेवा पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे राउटरने आपल्या सर्व्हरवर लॉगिन करून सत्र सुरू करण्याच्या पद्धतीने, चालते. त्यात राउटर आणि आपला सर्व्हर जोडणी जिवंत आहे का, हे तपासण्यासाठी ठरावीक अंतराने एकमेकांना एलसीपी एको नावाचे छोटे संदेश पाठवतात, आणि लागोपाठ काही संदेशांना उत्तर आले नाही तर सत्र संपवले जाते. माझ्या राउटरमध्ये नेमकी हीच नोंद आहे: एकोला उत्तर नाही, सत्र समाप्त. प्रकाशाचा संकेत शाबूत असताना उत्तर येत नसेल, तर आपल्या सर्व्हरवरील भार किंवा ओएनटीपासून सर्व्हरपर्यंतचा मार्ग तपासायला हवा. काही वेळा मात्र एकोचा उल्लेख नसतो, समोरूनच सत्र बंद केल्याची नोंद असते. आपल्या प्रमाणीकरण सर्व्हरवर (ग्राहकाचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) सत्राची कमाल कालमर्यादा ठेवली आहे का, याचेही उत्तर मला हवे आहे.

मिनिटभराच्या खंडाला आपले प्रतिनिधी किरकोळ समजतात. वस्तुस्थिती अशी आहे की सत्र नव्याने जुळताना बहुधा सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावरून चालू असलेले प्रत्येक काम तुटते: कार्यालयाची व्हीपीएन जोडणी, चालू असलेली बैठक, अर्ध्यावर आलेले फाइल अपलोड. सेवा मिनिटात परतते. काम परतत नाही. माझ्या घरी एका व्यक्तीची नोकरी आणि एका विद्यार्थ्याच्या परीक्षा या जोडणीवर अवलंबून आहेत, आणि परीक्षेच्या मधोमध पडदा गोठल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसणारी भीती मला किरकोळ म्हणता येत नाही.

आपण सेवेची उपलब्धता महिन्याच्या टक्केवारीत मोजता. ३० दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ७ तास १२ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा. एकेका मिनिटाचे ४३२ खंड पडले तरी कागदावर सेवा ९९ टक्केच राहील. अशा बिघाडात जोडणी एकूण किती वेळ बंद होती यापेक्षा ती किती वेळा तुटली, हा आकडा महत्त्वाचा आहे आणि आपल्या अहवालात तोच नसतो.

माझ्या सत्रांच्या सुरुवातीची व समाप्तीची वेळ, तसेच समाप्तीचे कारण आपल्या प्रमाणीकरण सर्व्हरच्या हिशेबात नोंदलेले असते. ती नोंद मला लेखी मिळावी आणि माझ्या राउटरमधील सोबत जोडलेल्या नोंदींशी ती ताडून पाहावी. प्रकाशशक्ती मोजणाऱ्या मीटरसह तंत्रज्ञ पाठवून घरातील टोक आणि स्प्लिटर या दोन्ही ठिकाणचे वाचन माझ्या समक्ष लिहून घ्यावे, आणि कनेक्टर स्वच्छ करून किंवा बदलून पुन्हा मोजावे. तपासणी पूर्ण होईपर्यंत राउटर बंद करण्याची किंवा त्याचे सेटिंग मूळ स्थितीत नेण्याची सूचना कृपया देऊ नये. माझ्या संमतीवाचून ही तक्रार बंद करू नये आणि खंडित सेवेच्या काळाचे शुल्क पुढील बिलात वजा करावे.

या पत्राची पोच तक्रार क्रमांकासह द्यावी. लेखी उत्तर न मिळाल्यास ही तक्रार याच कागदपत्रांसह आपल्या अपील अधिकाऱ्यांकडे नेण्यात येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ब्रॉडबँड ग्राहक

सोबत: राउटरमधील नोंदींची प्रत, ओएनटीवरील वाचनांची छायाचित्रे