बरणीतला ऑगस्ट

बागेरिया, सिसिली,
२८ नोव्हेंबर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आज सकाळी टाकलं. तोरिनोला शिकायला गेलेल्या इथल्या सगळ्याच मुलांना घरून असा खोका जातो, 'पाक्को दा जू', खालून, म्हणजे दक्षिणेतून आलेलं पार्सल. मी पुण्याला हॉस्टेलवर होते तेव्हा तुझी साताऱ्याची आजी एसटीच्या ड्रायव्हरकडे फराळाचा डबा द्यायची आणि मी स्वारगेटला जाऊन घ्यायचे. खोका बांधताना दरवेळी तो डबा आठवतो.

खोक्यात ओरेगानोची वाळलेली जुडी आहे, पान्तेल्लेरियाची मिठातली केपर्स आहेत, एक किलो गहू आहेत आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक लहान बरणी. हे पत्र खरं तर त्या बरणीसाठी.

गेल्या रविवारी फोनवर तुझा आवाज पडलेला होता. तीन तास सॉस शिजवला तरी नोन्नांसारखा, तुझ्या इथल्या आजीसारखा, लागत नाही, म्हणालीस. आणि मग, "आई, मला ग्रॅममध्ये सांग ना." बाळा, ग्रॅममध्ये सांगता आलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही वही घेऊन नोन्नांच्या शेजारी उभी राहायचे. मीठ किती? "कुआंतो बास्ता." तेल किती? "कुआंतो बास्ता." म्हणजे पुरेल एवढं. इटलीतल्या छापील पाककृतींतही हेच दोन शब्द असतात. माझी आईसुद्धा 'अंदाजाने घाल' एवढंच सांगायची, त्यामुळे शब्द मला परके वाटले नाहीत. अंदाज हातात यायला मात्र वर्षं गेली.

बरणीत स्त्रात्तू आहे, उन्हात आटवलेला टोमॅटोचा रस. चव तुला लहानपणापासून ठाऊक आहे, पण तो होताना तू कधी नीट पाहिला नाहीस. ऑगस्टात तू आस्प्राच्या किनाऱ्यावर पोहत असायचीस.

यंदा नोन्नांना फळी उचलवली नाही. गच्चीच्या दारात, सावलीत, खुर्ची टाकून त्या बसल्या आणि मी केलं. तीस किलो टोमॅटो उकळून, साल आणि बिया काढून जो रस निघाला, त्यात मीठ घातलं आणि लाकडी फळ्यांवर पातळ पसरला. अगदी आपल्या वाळवणासारखं, तसंच डोक्यावर ऊन, तशाच वरून पातळ जाळ्या. फरक एवढाच की पापड घातला की त्याला हात लावायचा नसतो, आणि याला सारखा हात लावावा लागतो. कडा आधी सुकतात, त्या मध्ये ओढायच्या, पुन्हा पसरायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत फळ्या घरात. दुसऱ्या दिवशी दोन फळ्यांवरचं एका फळीवर मावतं. लाल रंग विटेसारखा होतो, मग त्याहून गडद.

चौथ्या दिवशी मला वाटलं, झालं. नोन्नांनी खुर्चीतूनच अंगठा दाबून पाहिला. "आंकोरा नो." अजून नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी काही न बोलता माझा हात धरला, तळवा त्या गोळ्यावर दाबला आणि तसाच धरून ठेवला. घट्ट मळलेल्या कणकेसारखा लागला, उन्हाने कोमट, आणि हात उचलला तेव्हा तळव्याला काही चिकटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सोनू, चोवीस वर्षं मी त्यांच्या फळ्या उचलल्या, पण 'झालं' कधी म्हणायचं ते मला त्या दुपारी कळलं. हाताला तेल लावून बरणीत दाबून भरताना माझे डोळे भरून आले होते. तीस किलोचे जेमतेम तीन किलो झाले.

आता सॉस करशील तेव्हा आधी तेलात कांदा मऊ होऊ दे. मग या स्त्रात्तूचा एक चमचा घाल आणि आपण वाटण परततो तसा तेल सुटेपर्यंत परत. घाई करू नकोस, त्याचा वास बदलतो, तो तुला ओळखता येईल. मग थोडं गरम पाणी, मग टोमॅटो. दुकानातल्या नळीतल्या पेस्टमध्ये हे ऊन नसतं.

गहू कशासाठी, ते तुला कळलं असेलच. १३ डिसेंबरला सांता लुचियाचा सण. पालेर्मोत त्या दिवशी पाव नाही, पास्ता नाही, आणि तू तिथे एकटी असलीस तरी ते पाळावंस असं मला मनापासून वाटतं. १६४६ च्या दुष्काळात याच दिवशी बंदरात धान्याचं जहाज लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न पाहता गहू तसेच उकडून खाल्ले, असं इथे सांगतात. तीच कुच्चिया. या घरातल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात नोन्नांनी वाटी पुढे केली आणि मी पहिल्याच घासाला थांबले. आमच्या घरची गव्हाची खीरच होती ती, फक्त गुळाऐवजी साखर आणि नारळाच्या दुधाऐवजी रिकोत्ता, इथलं मऊ ताजं चीज. त्या दिवशी पहिल्यांदा मला इथे आपल्या घरात बसल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात मी त्यांना आपली खीर करून घातली. त्यांनी वाटी पुसून खाल्ली.

गहू १० तारखेला भिजत घाल, पाणी रोज बदल. १२ ला संध्याकाळी आपल्या कुकरमध्ये मऊ शिजव आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू दे. रिकोत्ता मेंढीच्या दुधाचा बघ. नाहीच मिळाला तर गाईचा घे, पण श्रीखंडाच्या चक्क्यासारखा निथळून घे, नाहीतर पाणी सुटेल. साखर किती ते विचारू नकोस. मैत्रिणींनाही दे. कुच्चिया एकटीपुरती कोणी करत नाही.

नोन्ना विचारतात, ऑगस्टात येशील ना? फळ्या मी उचलेन. तू त्यांच्याजवळ बस आणि त्या धरतील तेव्हा हात पुढे कर.

बरणीतून काढताना चमचा कोरडा असू दे, आणि काढल्यावर वरून पुन्हा तेल घाल.

तुझी,
आई