उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आता आपल्या वर्गातून पुढच्या इयत्तेत गेली आहे. समक्ष आभार मानायला आले, तेव्हा 'त्यात काय एवढे' म्हणून आपण विषय बदललात आणि माझाही गळा दाटून आल्यामुळे सांगायचे ते राहूनच गेले. हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे, कारण लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या इतरांनीही ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे येण्यापूर्वी तिच्यावर 'मंद' असा शिक्का बसला होता. घरात अखंड बडबड करणारी आणि धाकट्या भावाला गोष्टी रचून सांगणारी ही मुलगी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, एवढाच काय तो पुरावा. आधीच्या बाईंनी पालकसभेत, तिच्यादेखत, 'हिच्या डोक्यात काही शिरत नाही, घरी मराठी बोलणे बंद करा' असे आम्हाला सुनावले. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुले काही काळ नुसती ऐकत राहतात, आणि त्या गप्प राहण्यातही त्यांचे शिकणे चालूच असते, हे प्राथमिकच्या शिक्षिकेला ठाऊक नसावे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मराठी बंद करण्याचा सल्ला आम्ही अर्थातच मानला नाही. शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगून ठेवले आहे. मुलाला ज्या भाषेत जग कळते ती काढून घेतल्यावर दुसरी भाषा ते कशाच्या आधाराने शिकणार?

पालकांसाठी वर्ग खुला होता त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. फळ्यावर पलंगाखाली बसलेल्या मांजराचे चित्र होते आणि 'व्हेअर इज द कॅट?' हा प्रश्न आपण माझ्या मुलीला विचारलात. ती उभी राहिली, फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळू लागली आणि गप्प झाली. आजूबाजूचे हात भराभर वर गेले. आपण हातातला खडू टेबलावर ठेवलात, तिच्या बाकाजवळ येऊन गुडघ्यांवर बसलात आणि तिच्यावरची नजर न हलवता शेजारच्या मुलाचा उंचावलेला हात अलगद खाली केलात. मग काहीच बोलला नाहीत. उत्तराचे पहिले अक्षर पुरवले नाही, 'लवकर सांग' म्हटले नाही, की 'बस खाली' असेही म्हटले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'अंडर बेड'. आपण हसून म्हणालात, 'येस, द कॅट इज अंडर द बेड', आणि तिने ते संपूर्ण वाक्य, कोणी न सांगता, आपल्यामागून म्हटले. चूक झाली होती हे तिला कळलेही नाही, आणि ती सुधारली मात्र गेली.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासून दाखवले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. जे मूल प्रश्न एका भाषेत ऐकते, मनात दुसऱ्या भाषेत उलगडते आणि उत्तर पुन्हा पहिल्या भाषेत जुळवते, त्याला तर त्याहून जास्त अवधी लागणारच. आपण तिला तो दिलात. त्या आधी तिला तो कोणीच दिला नव्हता.

हावभावांसह म्हटलेली गाणी, 'टच युअर नोज' म्हणताच सगळ्या वर्गाने नाकाला लावलेली बोटे, आणि अडल्यावर मराठीत विचारण्याची मोकळीक, याबद्दलही आभार आहेतच. पण वर्गभर हात वर असताना एका अडखळणाऱ्या मुलीसाठी थांबणे याला शिकवण्याच्या कौशल्याइतकेच माणुसकीचे मन लागते. लहान मुलाचाही मान राखणारी अशी माणसे आपल्या आसपास असतात. त्यांचा गाजावाजा होत नाही, म्हणून त्यांचे नाव घेणे आपल्यालाच सुचत नाही.

आता ती इंग्रजीत बोलते, म्हणजे मैत्रिणींशी बोलण्यापुरते. परिसर अभ्यासाचा इंग्रजी उतारा समोर आला की अजून अडते. रोजचे बोलणे दोनेक वर्षांत जमू लागले तरी अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांविषयी दाखवून दिले आहे, त्यामुळे आम्ही घाबरलेलो नाही. एकच विनंती आहे. तिच्या नव्या वर्गशिक्षिकांना आपण एकदा भेटावे आणि तिला उत्तराआधी थोडा वेळ लागतो, एवढे सांगावे. माझ्यापेक्षा आपल्या सांगण्याला वजन येईल.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई