राणीची फाईल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

राणीचं डोहाळजेवण छान झालं. आई, तुझ्या धपाट्यांची चव अजून जिभेवर आहे. पण त्या दिवशी राणीची फाईल चाळली आणि गंगाखेडहून निघाल्यापासून मला झोप नाही. पहिल्याच पानावर ‘पूर्वीचे आजार’ यापुढे लिहिलंय, ‘काही नाही’.

बाबा, तिला नववीत पहिली फिट आली तेव्हा ओसरीत तिच्या नाकाशी कांदा तुम्हीच धरला होता. तेव्हापासून ती रोज दोन वेळा गोळी घेते. सोयरीक मोडू नये म्हणून आपण सगळेच गप्प बसलो, मीसुद्धा. पण डॉक्टरपुढे गप्प बसून चालणार नाही.

लेबर वॉर्डात मी रोज बघते. कळा येईनात तर गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला डायनोप्रोस्टोनचं जेल ठेवतात, नाहीतर मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात. बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर कार्बोप्रोस्टचं 250 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. ही तिन्ही प्रोस्टाग्लँडिनच्या जातीची औषधं. प्रोस्टाग्लँडिन आपल्या अंगातही तयार होतं आणि गर्भाशय आवळायला मदत करतं. पण ही औषधं, विशेषतः तोंडावाटे न देता दुसऱ्या मार्गाने दिल्यावर, फिट आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मिरगी असलेल्या बाईला जपून द्या, असं माहितीपत्रकातच छापलेलं असतं.

असं क्वचितच होतं, घाबरू नका. वाहतं रक्त थांबवून हेच इंजेक्शन जीव वाचवतं, त्यामुळे ते नकोच असा हट्टही धरू नका. डॉक्टरांना आधी कळलं तर ते दुसऱ्या औषधाचा विचार करतील, फिट थांबवायचं इंजेक्शन हाताशी ठेवतील. कळलंच नाही आणि टेबलावर फिट आली, तर ती बीपी वाढल्यामुळे आलेली समजून त्यावरचं मॅग्नेशियमचं औषध सुरू करतील. खरं कारण शोधण्यात वेळ जाईल.

मला जास्त धास्ती वेगळीच आहे. सासूबाईंसमोर गोळी कशी घ्यायची म्हणून ती कधीकधी चुकवते, तिनेच मला सांगितलं. चुकलेली गोळी आणि कळांच्या रात्रीचं जागरण, फिट यायला एवढं पुरतं. आता ती माहेरी आहे तोवर, आई, सकाळ-संध्याकाळ गोळी तू स्वतः तिच्या हातावर ठेव. उपाशी राहायला सांगितलं तर गोळीचं काय करायचं, तेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

जावईबापूंना सांगायचं की नाही ते राणीने ठरवावं. माझ्या मते सांगावं.

सोमवारी परभणीला तपासणीला जाल तेव्हा बाकीच्यांना बाहेर बसवा. आई, तू तिच्याबरोबर आत जा, गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेव आणि ते पान तिथल्या तिथे दुरुस्त करून घे. मग मला त्याचा फोटो पाठवा.

तुमची,
थोरली