नंदा, एकट्या धाकट्याला नेऊ नकोस

प्रिय नंदा,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आमच्या गावचं ते धाकटं लेकरू तू दत्तक मागितलंस आणि फोनवर मी नुसतं "बघू" म्हणाले. आपल्या दोघींत "बघू" कधी चाललेलं नाही, म्हणून आज अंगणवाडी सुटल्यावर लिहायला बसले आहे.

तुला जे हवंय ते मला कळतं. इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या चढताना तुझ्याबरोबर कोण होतं? मीच ना? म्हणून आमच्या गावच्या त्या तीन वर्षांच्या लेकराचा फोटो बघून तुझा जीव गलबलला, यात मला नवल वाटलं नाही. पण एकट्या धाकट्याला नेऊ नकोस, नंदा. त्याची नऊ वर्षांची बहीण आहे. त्यांची आजी आहे.

आई-बाप जानेवारीत गेले. ऊसतोडीला गेले होते, ट्रॉली उलटली आणि एकाच वेळी अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गेला. ही दोन्ही लेकरं आजीजवळ गावातच होती, म्हणून वाचली. तेव्हापासून थोरली रात्री ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधते आणि दुसरं धाकट्याच्या. का, असं विचारलं तर म्हणाली, "तो झोपेतच उठून आईला बघायला रस्त्यावर जातो." ती गाठ मी डोळ्यांनी पाहिली आहे. इतकी घट्ट, की सकाळी आजीला दातानं सोडवावी लागते.

आता माझं सांगते, कारण त्यातलं अर्धंच तुला माहीत आहे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि आमच्या सास्तूरकडची ती दगड-मातीची जाडजूड घरं माळवदासकट खाली बसली. आई आणि दादा, म्हणजे वडील, गेले. मी नऊ वर्षांची होते, भाऊ चार वर्षांचा. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये नातेवाईक जमले आणि लेकरं वाटून घेतली. सगळं चांगल्या मनानं, हं. मी मामाकडं, तो लांबच्या एका पाहुण्याकडं, ज्यांना मूल नव्हतं. जीपमध्ये बसवताना त्यानं माझ्या फ्रॉकचा खिसा धरला होता, तो उसवून त्याच्या हातात गेला. त्या माणसांनी त्याला प्रेमानं वाढवलं, मी त्यांना कधी बोल लावणार नाही. पण अकरा वर्षांनी माझ्या लग्नात तो आला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?" तुम्ही! माझा सख्खा भाऊ, नंदा. ते "तुम्ही" अजून गेलेलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या प्रशिक्षणात ताईंनी आई-बापांविना राहिलेल्या मुलांच्या सांभाळाबद्दलची संयुक्त राष्ट्रसंघाची मार्गदर्शक तत्त्वं समजावून सांगितली तेव्हा मी वही भरून लिहून घेतलं. आमसभेनं 2009 साली ती स्वीकारली. त्यात म्हटलंय की केवळ गरिबी आहे म्हणून मूल घरापासून तोडायचं नाही. आधी घराला आधार द्यायचा. ते जमलं नाही तर नात्यातलं, ओळखीचं घर बघायचं. संस्था अगदी नाइलाज झाला तरच. आणि भावंडांना त्यांच्याच हिताचं ठोस कारण असल्याशिवाय वेगळं करायचं नाही. हे वाक्य 1993 साली आमच्या शेडमध्ये कुणी वाचून दाखवलं असतं तर!

तू म्हणालीस, वकील बाँडपेपरवर दत्तकपत्र करून देतो, आजीचा अंगठा झाला की झालं. तसं होत नाही गं. आई-बाप नसलेलं मूल पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय दत्तक देता येत नाही. आणि बाल न्याय कायद्याची पद्धत डावलून अनाथ मूल दिलं-घेतलं, तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षेचं एक वेळ सोड. उद्या ते लेकरू शाळेत जाईल, कुणीतरी कागद मागेल, आणि तुझ्या पोटात रोज गोळा येईल. कुणी दारात येऊन त्याला परत मागितलं तर? कशाला तसं आईपण?

गावातले काहीजण म्हणतात, संस्थेत घाला, शिक्षण तरी होईल. पण तिथं थोरली मुलींच्या बालगृहात जाईल आणि धाकटा शिशुगृहात. ओढणी तिथंही सुटेलच.

आजी काय म्हणते ते ऐक. "बाई, माज्या डोळ्यादेखत ऱ्हाऊ द्या. पन मी गेल्यावर?" तिला लेकरं नकोशी नाहीत, तिला पैशाची आणि मरणाची भीती आहे. पैशाचं आम्ही बघतोय. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, दोघांचे 4500. मृत्यूचे दाखले काढले, शाळेचा दाखला घेतला, तलाठ्याकडून उत्पन्नाचा आणला. अडलंय ते बँकेत. आयुष्यभर खुरपं धरून म्हातारीच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, यंत्र सारखं नाही म्हणतं. दोन चकरा झाल्या. गुरुवारी तिसरी, आणि तिथूनच दोन्ही लेकरांना घेऊन बीडला बाल कल्याण समितीपुढं जायचंय, अशा लेकरांचा निर्णय तीच घेते.

मरणाचं उत्तर कागदात नाही. लेकरांचा मामा शेजारच्या गावात आहे, माणूस बरा आहे. त्याच्याशी मी बोलले, आजीनंतर तो दोघांना सांभाळायला तयार आहे, बायकोचं मन मात्र अजून वळलेलं नाही. पुढं कुणीच उरलं नाही आणि समितीनं दोघांना दत्तकासाठी मोकळं केलं, तरी तीच लेकरं तुला मिळतील असं मी सांगणार नाही. नंबर येईल त्या क्रमानंच मूल दाखवतात, ओळख चालत नाही.

आता तुझं. रागावली असशील तर रागाव, पण हे वाच. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर याच महिन्यात नोंदणी कर. तुझं वय 42, भाऊजींचं 46, बेरीज 88. दोन वर्षांखालच्या बाळासाठी बेरीज 85 पर्यंतच लागते, ती वेळ गेली. पण दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90 चालते. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, म्हणून आणखी रेंगाळू नकोस. मग समाजसेविका घरी येतील, तुम्हा दोघांशी बोलतील. सासूबाईंनाही बोलतं करतील, त्यांना आधीच सांगून ठेव. वाट बघावी लागेल, बरीच.

दुसरी एक वाट आहे, तिच्याबद्दल भाऊजींशी शांतपणे बोल. सहा वर्षांच्या वरची कितीतरी लेकरं संस्थेत असतात, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही. अशा मुलाला समितीमार्फत घरी सांभाळायला घेता येतं, त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं घडी नीट बसली तर त्याच मुलाला दत्तकही घेता येतं. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं. तुला बाळच हवंय हे मला माहीत आहे. तरी एकदा विचार कर. सात-आठ वर्षांच्या लेकराला कुणी नेत नाही, आणि तुझ्या हाताला कसलं वळण आहे ते मी होस्टेलपासून बघते आहे. पहिल्या वर्षी तापात रात्रभर माझ्या कपाळावर घड्या ठेवत बसली होतीस, तेव्हा आपली ओळख जेमतेम आठ दिवसांची.

आणि या दोघांची मावशी हो ना. त्याला कुणाची सही लागत नाही. दिवाळीत ये, उन्हाळ्यात ये, थोरलीला पाढे शिकव. ती हुशार आहे, पण जानेवारीपासून वर्गात बोलत नाही.

धाकट्यासाठी स्वेटर विणायला घेतलास म्हणालीस, तो पूर्ण कर. थोरलीला सध्या चप्पल नाही. आईची घालून फिरते, ती तिला मोठी होते. मी सुतळीनं तिचं पाऊल मोजलं आहे, सुतळी याच पाकिटात ठेवते.

तुझीच,
शैला